साठीच्या उंबरठ्यावर घटस्फोट: सहीआधी पेन्शन, सातबारा आणि छप्पर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाईंचं वय ५७, गाव राजापूर तालुक्यात, लग्नाला ३४ वर्षं झालेली. यजमान ६२ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेले शिक्षक. मुलगा विरारला, मुलगी चिपळूणला दिलेली. घरातल्या रोजच्या शिवीगाळीला कंटाळून बाई गेले आठ महिने मुलीकडे राहतायत. गावचं घर घरठाणात, यजमानांच्या निवृत्तीच्या पैशांतून बांधलेलं. हापूसची कलमं यजमान आणि त्यांच्या दोन भावांच्या सामाईक सातबाऱ्यावर. रत्नागिरीत दोघांच्या नावावर वन-रूम-किचन. यजमान म्हणतात, "पाच लाख घे, संमतीच्या कागदावर सही कर आणि मोकळी हो." सही करू का, असं त्या विचारतात.

ताई, सही करू नका. निदान आज तरी नाही. पहिलं कारण भावनेचं नाही, तारखेचं आहे. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३-ब प्रमाणे संमतीचा अर्ज दाखल करण्याआधी दोघं किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात. तुम्हाला आठ महिने झालेत, म्हणजे आणखी चार महिने तो अर्ज दाखलच होऊ शकत नाही. मग आत्ता सही कशावर हवी आहे? बहुतेक वेळा ती ५०० रुपयांच्या मुद्रांकावर लिहिलेल्या, नोटरीचा शिक्का मारलेल्या 'सोडचिठ्ठी'वर हवी असते. त्या कागदाने लग्न मोडत नाही. समाजात तशी जुनी रूढी आहे हे पुराव्याने सिद्ध झालं तरच कलम २९(२) खाली रूढीच्या काडीमोडीला मान्यता मिळते, आणि ते सिद्ध करणं सोपं नसतं. नुकसान मात्र नक्की होतं. त्यात हमखास एक वाक्य असतं: "आम्ही परस्पर संमतीने विभक्त राहत असून कसलीही मागणी राहिलेली नाही." भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४(४) प्रमाणे परस्पर संमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला त्या कलमाखाली पोटगी मागता येत नाही. (१ जुलै २०२४ पूर्वी हेच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं; जुनी माणसं अजून 'एकशेपंचवीसची केस' असंच म्हणतात.) घटस्फोट न देता पोटगीच्या वाटेत धोंडा टाकणारा कागद आहे तो.

कुणी सुचवेल की अर्जात 'दीड वर्षापासून वेगळे' असं लिहून टाकू, लवकर काम होईल. तसलं काही करू नका. अर्ज शपथेवर असतो, आणि खोटी तारीख पुढे कोणत्याही भांडणात तुमच्यावरच उलटते.

आता पाच लाखांचा हिशेब. उतारवयातल्या घटस्फोटात सगळ्यात मोठी मालमत्ता बहुतेकदा घर नसते, जमीनही नसते. ती असते पेन्शन, आणि तिच्या पोटात दडलेलं कुटुंब निवृत्तिवेतन. समजायला गोल आकडे घेऊ. यजमानांचं शेवटचं मूळ वेतन ६०,००० होतं असं धरा. मूळ पेन्शन निम्मी, म्हणजे ३०,०००. निवृत्त होताना त्यांनी ४० टक्के अंशराशीकरण केलं असेल, म्हणजे पेन्शनचा तेवढा भाग आधीच एकरकमी उचलला असेल, तर १२,००० कापले जाऊन १८,००० उरतात. पण महागाई वाढ पूर्ण ३०,००० वर मिळते. ती ५५ टक्के धरली तर १६,५०० होते. हातात येतात ३४,५००.

तुम्ही पत्नी असताना यजमान आधी गेले, तर तुम्हाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. सर्वसाधारण दर शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १८,०००, त्यावर महागाई वाढ धरून २७,९००. दर महिन्याला, तहहयात. घटस्फोटाचा हुकूम झाला की हा हक्क संपतो. उद्या त्यांनी दुसरं लग्न केलं तर तो नव्या पत्नीकडे जाऊ शकतो. देऊ केलेले पाच लाख म्हणजे या रकमेचे जेमतेम १८ महिने. तेच पाच लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत ७.४ टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला ३,०८३ रुपये येतात. २७,९०० इतकं मासिक व्याज याच दराने हवं असेल तर सुमारे ४५ लाख मुद्दल लागेल. कुटुंब निवृत्तिवेतन यजमानांच्या मागे तुम्ही असाल तरच मिळणार, हे खरं. पण तुम्ही त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान आहात.

म्हणून स्पष्टच सांगतो. या आकड्यांत मला तुम्हाला घटस्फोट परवडताना दिसत नाही, वेगळं राहणं परवडतं. या दोन गोष्टी एक नाहीत, पण गावात आणि कधीकधी वकिलाच्या टेबलावरही त्या एकच समजल्या जातात.

लग्न न मोडता वेगळं राहून पोटगी मिळवायचे रस्ते आहेत. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चं कलम १८ क्रूरता, त्याग अशा कारणांसाठी वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला निर्वाहाचा हक्क देतं. संहितेच्या कलम १४४ चा अर्ज तुलनेने सुटसुटीत. आणि कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली पोटगीबरोबर राहत्या घराचा आदेशही मागता येतो. हिंसाचार म्हणजे फक्त मारहाण नव्हे. रोजची शिवीगाळ, पैशांची कोंडी, घराला कुलूप लावणं हेही त्यात बसतं. याच कायद्याखाली, राहतं घर यजमानांनी विकू नये असा मनाई आदेशही मिळू शकतो.

मधला रस्ता न्यायिक विभक्तीचा, हिंदू विवाह कायद्याचं कलम १०. यात पत्नी हे नातं कायम राहतं, वारसा राहतो. सरकारी पेन्शनच्या नियमांत न्यायिक विभक्त पत्नीही कुटुंबात धरली जाते, फक्त विभक्ती तिच्या व्यभिचाराच्या कारणावरून झालेली नसावी. पण यात एक फट आहे. विभक्तीच्या हुकुमानंतर वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत, तर कलम १३(१-अ) प्रमाणे दोघांपैकी कोणीही त्याच आधारावर घटस्फोट मागू शकतो. 'फक्त विभक्ती घेते' म्हणून निर्धास्त झालेल्या बाईला दीड वर्षाने घटस्फोटाची नोटीस येते, ती या फटीतून.

दुसरी एक तारीख लक्षात ठेवा. सलग दोन वर्षं सबळ कारणाशिवाय घर सोडून राहिलात तर यजमान 'त्याग' या कारणावर घटस्फोट मागू शकतात. तुम्ही घर का सोडलंत, हे आजच कागदावर यायला हवं. साध्या मराठीत एक पानी पत्र लिहा: कोणत्या तारखेला, कशामुळे निघाले, सन्मानाने राहता आलं तर परत यायची तयारी आहे किंवा नाही, निर्वाहाची सोय करावी. ते पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, प्रत आणि पावती जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर भांडू नका, तिथला प्रत्येक शब्द पुढे छापून कोर्टात येतो.

तुमच्या हातातलं बळही ओळखा. संमती नसेल तर यजमानांना क्रूरता किंवा त्याग पुराव्याने सिद्ध करावा लागेल आणि त्यात वर्षं जातात. 'संसारात आता काही उरलं नाही' एवढ्यावर खालचं कोर्ट घटस्फोट देऊ शकत नाही. तो अधिकार सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली, २०२३ च्या निकालात, स्वतःकडे ठेवला आहे. म्हणजे तुमच्या सहीला किंमत आहे. ती पाच लाख नाही, एवढंच.

आता जमीन-घराकडे येऊ. इथे कोकणातला गुंता देशावरच्यापेक्षा वेगळा असतो.

हापूसच्या कलमांच्या मागे लागू नका. सामाईक सातबाऱ्यावर यजमानांचा हिस्सा आहे, तुमचा नाही. नवरा हयात असताना पत्नीला वडिलोपार्जित जमिनीत वाटणी मागता येत नाही. तो हक्क मुलाला आहे आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही आहे. बाप आणि मुलांत वाटणी झाली तर महाराष्ट्रात आईला मुलांइतका हिस्सा मिळतो, पण तोही ती पत्नी असताना. यजमान म्हणाले, "माझा हिस्सा तुला बक्षीस देतो," तरी हुरळू नका. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्याचं बक्षीसपत्र कायद्यात टिकत नाही. आधी भावाभावांत वाटणी, मोजणी, फेरफार, मगच बक्षीस. तीन भाऊ, त्यातले दोन चाकरमानी, एकाची सही राहिलेली, दुसऱ्याची वारसनोंद व्हायची; ही वाटणी किती वर्षं चालेल याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला असेल. जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल तर सातबाऱ्यावर कलम ४३ चा शेरा असतो आणि हस्तांतराच्या अटी आणखी वाढतात.

कलमं मागू नका, पण कलमांचं उत्पन्न मोजा. पोटगी ठरवताना शिक्षक-पेन्शनर फक्त पेन्शनचा कागद पुढे करतात. बागेचा पैसा कुठे दिसतो? वाशी मार्केटच्या दलालाच्या पट्टीवर: पेट्या किती, दर काय, हमाली-आडत वजा जाऊन किती उरले. बाग कराराने दिली असेल तर करार घेणाऱ्याने खात्यावर टाकलेल्या रकमेत. फळपीक विम्याची भरपाई आली असेल तर पासबुकात. ई-पीक पाहणीत त्या गटात आंबा नोंदवलाय का, हे सातबाऱ्यावरच कळतं. एका हंगामाची पट्टी हाती लागली तरी खूप. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या निर्णयानंतर पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. त्यात बाग लपवली आणि पट्टी तुमच्याकडे निघाली, तर उलटतपासणीत बाकी फार काही विचारायची गरज पडत नाही. त्याच निर्णयाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून अर्ज लांबवण्यात तुमचंच नुकसान.

गावचं घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर यजमानांच्या नावे असेल. नमुना ८ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद, मालकीचा दाखला नव्हे. खालची जमीन सामाईक घरठाण असेल तर भावकीचाही त्यात पाय असतो. तरी हिंसाचार कायद्याच्या भाषेत ते तुमचं 'सामायिक निवासस्थान' आहे आणि तिथे राहायचा हक्क तुम्हाला आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, घर सासरच्या माणसाच्या नावावर असलं तरी हा हक्क मागता येतो असं सांगितलं. घटस्फोटानंतर मात्र हा पाया डळमळतो. तेव्हा घरात राहायचं असेल तर ते संमतिपत्रात बारीक तपशिलाने लिहून घ्यावं लागतं. 'पत्नीस राहण्याचा हक्क राहील' एवढं वाक्य पुरत नाही. मागची पडवी आणि स्वयंपाकघर कोणाचं, विहिरीचा पंप कोणाच्या मीटरवर, पाखाडीने यायची वाट बंद करणार नाही, पावसाआधी कौलं कोण परतणार, गणपतीच्या पाच दिवसांत माजघर कोणाकडे. हे वाचायला क्षुल्लक वाटेल. लेखी न घेतल्यास पहिल्याच चतुर्थीला भांडण इथूनच पेटतं.

माझं मत विचाराल तर गावचं घर त्यांना आणि रत्नागिरीची खोली तुम्हाला, ही मांडणी धरा. खोली दोघांच्या नावावर आहे. त्यांचा अर्धा हिस्सा तुमच्या नावावर व्हायला हवा. इथे क्रमाला फार महत्त्व आहे. महाराष्ट्रात नवऱ्याने पत्नीला राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीसपत्राने दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च धरून पक्का आकडा दुय्यम निबंधकाकडे विचारा. ही सवलत पत्नीला आहे, माजी पत्नीला नाही. घटस्फोटानंतर तोच हिस्सा घ्यायला गेलात तर बाजारमूल्यावर टक्केवारीने शुल्क लागू शकतं. 'नंतर करून देतो' हे शब्द ऐकलेत की हा फरक आठवा. कर्ज शिल्लक असेल तर आधी बँकेची लेखी संमती, नाहीतर बक्षीसपत्र होईल आणि हप्त्याचा तगादा तुमच्या दारी येईल. सोसायटीच्या भागपत्रावर नाव बदलून घ्या. संमतिपत्रात एखादी मालमत्ता नुसती लिहिली आणि ती अर्जाचा विषय नसेल, तर हुकुमाची वेगळी नोंदणी करावी लागते. म्हणून नोंदलेलं बक्षीसपत्रच बरं.

ओघात एक माहेरचं. माहेरच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल आणि भाऊ हक्कसोड मागत असतील तर या वर्षी ती सही नको. ज्याच्या नावे शेती नाही त्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही. सासरच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव नाही, तेव्हा तुमचं शेतकरीपण माहेरच्या त्या एका नावावर टिकून आहे.

समजा, सगळा विचार करून घटस्फोटच घ्यायचा ठरला. तर मागायचं किती? आधी स्वतःचा महिना मांडा. रत्नागिरीच्या खोलीत एकटीने राहायचं तर किराणा-भाजी-मासळी ५,०००, वीज-गॅस-मोबाइल १,५००, सोसायटी १,२००, बीपी-शुगरची औषधं २,०००, जाणं-येणं आणि देणं-घेणं २,०००, आरोग्य विम्याचा हप्ता महिन्याला पाडून २,५००. झाले १४,२००. रक्कम तुमच्या सवयीप्रमाणे बदला, पण विमा आणि औषधं गाळू नका. नेमके तेच दोन खर्च बायका गाळतात.

पोटगीचा पक्का दर कायद्यात लिहिलेला नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य म्हटली होती, तिचा आधार घेतला जातो. ३४,५०० चे २५ टक्के ८,६२५ होतात, ३० टक्के १०,३५०. आकडा ठरवून घेण्यापेक्षा टक्केवारी लिहून घ्या. महागाई वाढ सुधारत राहते आणि पेन्शन वाढते. शिवाय अंशराशीकरणाने कापलेले १२,००० पंधरा वर्षांनी परत सुरू होतात, म्हणजे तुमच्या यजमानांना ७३ व्या वर्षाच्या सुमारास. '१०,००० रुपये दरमहा' असा ठोक आकडा लिहिलात तर ही सगळी वाढ त्यांच्याकडे राहील आणि सहा टक्के महागाईत तुमच्या दहा हजारांची खरेदीची ताकद बारा वर्षांत निम्मी होईल. म्हणून असं लिहा: "हातात येणाऱ्या एकूण पेन्शनच्या ३० टक्के, मात्र १०,००० पेक्षा कमी नाही," आणि पेन्शनच्या खात्यावरून थेट वर्ग करण्याची बँकेला स्थायी सूचना. पेन्शनवर जप्ती येत नाही असं कोणी धाक घालेल, तर पत्नीच्या पोटगीसाठी ती येऊ शकते असा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल आहे.

दरमहा पोटगीचा दोष असा की देणारा गेला की ती आटते. त्यावर कायद्यातच एक सोय आहे आणि ती फार कमी वापरली जाते: हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली पोटगीचा बोजा देणाऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर ठेवता येतो. बोजाची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात करून घ्या. मग बाग विकताना घेणारा आधी तुमच्याकडे येतो.

एकरकमी पैशाचं म्हणाल तर तो किमान एवढा हवा की तुमचा तुटीचा महिना भरून निघेल आणि हाताशी काही राहील. मासिक प्राप्ती योजनेत एका नावावर ९ लाखांपर्यंत ठेवता येतात, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ५,५५० मिळतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८.२ टक्के आहे, पण त्यासाठी तुम्हाला ६० पूर्ण व्हावे लागतील. तीन वर्षांनी तिकडे वळवा. (हे दर सरकार दर तिमाहीला ठरवतं.) एकरकमी पोटगी भांडवली रक्कम मानली जाते, तिच्यावर प्राप्तिकर नाही, दरमहा पोटगी मात्र उत्पन्नात धरली जाते. मुलाने 'पैसे माझ्याकडे दे, विरारचं घर मोठं करू, तिथेच राहा' म्हटलं तर प्रेमाने नाही म्हणा. मुलाकडे राहायला जा हवं तर, पण पैसे पोस्टात राहू देत.

दागिने. स्त्रीधन तुमचंच आहे, त्याची वाटणी होत नाही. लॉकर दोघांच्या नावे असेल तर बँकेत साक्षीदार घेऊन जा, वजनासह यादी करा, जुने फोटो आणि पावत्या जोडा.

कागद आणि फोनचं काम या आठवड्यात करा, बाकी नंतर. तुमचं आधार कोणत्या मोबाइल नंबरला जोडलंय? बहुतेक घरांत तो यजमानांचा असतो, आणि मग तुमच्या बँकेचा, सरकारी योजनेचा, पोस्टाचा प्रत्येक ओटीपी त्यांच्या खिशात वाजतो. आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडा. मग त्याच नंबरवर फक्त तुमच्या नावाचं बचत खातं, वारस (नॉमिनी) म्हणून मुलगी. लग्नाचा दाखला नसेल, १९९० च्या सुमाराच्या लग्नांना तो सहसा नसतोच, तर लग्नपत्रिका, फोटो, शिधापत्रिका, मुलांचे शाळेचे दाखले गोळा करा. यजमानांच्या पेन्शन प्रदान आदेशाची प्रत मिळाली तर सोन्याहून पिवळं. त्यात मूळ वेतन, अंशराशीकरण आणि कुटुंब निवृत्तिवेतनासाठी तुमचं नाव, सगळं एकाच कागदावर असतं. सातबारा, आठ-अ आणि फेरफार ऑनलाइन निघतात.

कोर्ट कुठलं? हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पत्नीला ती राहते तिथे अर्ज करता येतो, म्हणजे चिपळूणला. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात. हिंसाचाराचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तुम्हाला वकील मोफत मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ खाली स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते, हेल्पलाइन १५१००. पोटगी आणि घटस्फोटाच्या दाव्यांत स्त्रियांना महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे. प्रकरण उच्च न्यायालयात गेलंच तर रत्नागिरी-सिंधुदुर्गकरांना आता मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतं. रायगडकरांना मुंबईच.

संमतीचा अर्ज दाखल झाला की सहा महिन्यांनी, अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा हजर राहून 'होय' म्हणायचं असतं. सहा महिने माफ होऊ शकतात, पण त्यासाठी अर्जाच्या वेळी वेगळं राहून दीड वर्ष झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी-मालमत्ता मिटलेली असावी. दुसऱ्या वेळी 'होय' म्हणेपर्यंत संमती मागे घेता येते. पैशांची मांडणी यावरून करा: बक्षीसपत्र आधी, काही रक्कम पहिल्या तारखेला, उरलेली दुसऱ्या तारखेला डिमांड ड्राफ्टने कोर्टासमोर. पुढच्या तारखेचे धनादेश घेऊन कधीही शेवटचं 'होय' म्हणू नका.

(हे सगळं हिंदू विवाह कायद्याचं, बौद्ध आणि जैनांनाही तो लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांना घटस्फोटाचे कायदे वेगळे, पण पेन्शन, बक्षीसपत्र आणि बँकेच्या गोष्टी त्यांनाही उपयोगी पडतील.)

मनाचं राहिलं. या वयात दुःख माणसाचं कमी आणि घराचं जास्त होतं, हे आधी माहीत असलेलं बरं. चौतीस वर्षं सारवलेलं खळं, हाताने लावलेली अबोली, गणपतीला सुनेला दाखवायचे राहून गेलेले मोदक. माणूस नकोसा झालेला असतो, पण घर नको झालेलं नसतं. आणि त्या ओढीला 'अजून यांच्यावर जीव आहे' असं समजून बायका परत जातात, महिन्याभरात पुन्हा बॅग भरतात. परत जायचं तर जरूर जा, पण कशासाठी जाताय ते स्वतःशी नीट ठरवून जा.

मुलगा वडिलांची बाजू घेतो याचं वाईट वाटून घेऊ नका. बाग वडिलांकडे आहे आणि त्याला गावात तोंड दाखवायचंय. त्याला निरोप्या करू नका, मुलीलाही नको. "बाबांना सांग" या दोन शब्दांनी पोरांचे संसार बिघडतात. बोलणी करायची तर कोर्टातल्या मध्यस्थी केंद्रात. भावकीच्या बैठकीला बोलावलं तर जायला हरकत नाही, पण तिथे कोणत्याही कागदावर अंगठा-सही नाही. जावयाच्या घरी अवघडल्यासारखं होत असेल तर ते खरंच अवघड आहे. म्हणूनही रत्नागिरीच्या खोलीची किल्ली लवकर हातात घ्या. पोटगी मिळेपर्यंत मुलाकडे हात पसरायची पाळी आली तर आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याने आईला मुलांकडून निर्वाह मागता येतो, प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात, महिना १०,००० पर्यंत. तो नुसता माहीत असला तरी पुरतो, सहसा वापरावा लागत नाही.

झोप उडाली, जेवण सुटलं, सारखं छातीत धडधडायला लागलं, तर ते सोसत बसायचं दुखणं नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तारखेच्या आदल्या दिवशी बीपीची गोळी आणि डबा पिशवीत भरून ठेवा. कोर्टात पुकारा सकाळी होईल की चारला, याचा नेम नसतो.

आणि झालाच घटस्फोट, तर हुकुमाच्या तीन प्रमाणित प्रती काढा. एक बँकेला, एक शिधापत्रिका वेगळी करायला, एक कपाटात. शिधापत्रिका स्वतःच्या नावाची झाल्याशिवाय महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं काम अडू शकतं. विमा, बँक, पोस्ट, सोसायटी इथे यजमानांचं नाव वारस म्हणून असेल तर ते आपोआप जात नाही, प्रत्येक ठिकाणी वेगळा फॉर्म भरावा लागतो. जुनं मृत्युपत्र असेल तर तेही घटस्फोटाने रद्द होत नाही. नवीन करा, दोन साक्षीदार तुमच्याहून लहान वयाचे घ्या, आणि रत्नागिरीची खोली कोणाला जाणार ते त्यात सोसायटीच्या भागपत्र क्रमांकासह लिहा.